शिंपलीच्या पोटात विष रूप पालटते



काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी बचत गटाच्या महिलांची सभा होती. विषय होता परसबागेतील भाजीपाला. वांग्यावर औषध फवारल्यावर ठरलेले दिवस जाईपर्यंत तोडणी करू नये, हे मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितले. सभा संपली, चहा झाला. तेवढ्यात टोपली घेऊन निघालेल्या एक वयस्क मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, वांग्याचं तुम्ही सांगितलंत, ते पटलं. आता माझं एक सांगा. परवा खाडीच्या तोंडाशी पाणी तांबूस झालं होतं. तीन दिवसांत निवळलं. ओहोटी लागलीय. तिसऱ्या काढायला हरकत नाही ना? उद्या लेक यायचीय माहेरी."

मी कृषी पदवीधर, त्यातून घाटावरचा. मातीचे, बियाण्याचे, खताचे विचारा. तिसऱ्यांचे मला काय कळणार? "मावशी, माहिती काढून सांगतो. तोवर काढू नका," एवढेच मी म्हणालो. त्यांनी टोपली खाली ठेवली. लेकीला काय वाढायचे, हा प्रश्न मात्र त्यांच्या चेहऱ्यावर तसाच राहिला.

त्या दिवसापासून जमेल तसे मी या विषयावर वाचत गेलो, मत्स्य विषयातील जाणकारांना विचारत गेलो. जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो. किनाऱ्यावरच्या घरांना ते उपयोगी आहेच. आठवडी बाजारातून तिसऱ्या, कालवे विकत घेणाऱ्यांनीही ते माहीत करून घ्यावे.

गाळून खाणारा जीव

तिसऱ्या, कालवे, शिनाणे हे सगळे दोन शिंपांत राहणारे जीव. त्यांना शिकार करता येत नाही. पाणी आत ओढायचे, त्यातले बारीक कण गाळून घ्यायचे आणि पाणी बाहेर सोडायचे, हाच त्यांचा अहोरात्र उद्योग. एक पूर्ण वाढलेला शिनाणा दिवसाकाठी दोन-चार बादल्या पाणी सहज गाळतो.

या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती असतात. त्यांना आपण सूक्ष्म शेवाळ म्हणू. समुद्राचे हे गवतच आहे. त्यावर शिंपल्या, कोळंबी, मासळी सगळे जगतात. शेवाळाच्या हजारो जातींपैकी थोड्याच जाती विषारी आहेत. पण अनुकूल हवामान आणि भरपूर अन्नद्रव्ये मिळाली की कधी कधी त्याच जाती तणासारख्या माजतात. शिंपली बरे-वाईट निवडत नाही. चाळणीत गहूही अडकतो आणि धोतऱ्याचे बीही अडकते, तसेच हे. फार मोठे पाणी गाळल्यामुळे पाण्यात विरळ असलेले विष तिच्या पोटात दाट होऊन बसते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पाणी रंगले म्हणजे ते विषारीच, असे नाही. कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळसर चमकतात. बहुतेक वेळा ती नॉक्टिल्युका नावाच्या जीवाची करामत असते, आणि आपण ज्या विषाबद्दल बोलतो आहोत ते हा जीव तयार करत नाही. उलट, पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही विषारी जातीच्या थोड्या पेशी शिंपलीला विषारी करू शकतात. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

विळिंजमची शोकांतिका

हे दूरदेशीचे प्रकरण आहे, असे कुणी समजू नये. १९८३ मध्ये मंगळूर परिसरात शिंपल्या खाल्ल्याने विषबाधा झाल्याची नोंद आहे. त्याहून मोठी घटना केरळात घडली. सप्टेंबर १९९७ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम भागात लोकांनी नेहमीप्रमाणे खडकावरचे तपकिरी शिनाणे काढून खाल्ले. सात माणसे दगावली आणि सुमारे पाचशे लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. पिढ्यान् पिढ्या खाल्लेले, ओळखीचे अन्न, पण त्या आठवड्यात तेच वैरी झाले.

या विषबाधेत प्रथम ओठ, जीभ आणि बोटांची टोके मुंग्या आल्यासारखी बधिर होतात. मग हातापायांतली शक्ती जाते, बोलणे अडखळते आणि प्रकरण वाढले तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात. यातले मुख्य विष सॅक्सिटॉक्सिन. आपल्या मज्जातंतूंमधून निरोप जातो तो सोडियमच्या कणांच्या ये-जा करण्यावर. त्यासाठी तंतूंना सूक्ष्म दारे असतात. सॅक्सिटॉक्सिन त्या दारात बुचासारखे बसते. दार बंद, निरोप बंद, श्वास बंद. या विषावर उतारा नाही. श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवणे हाच उपचार आहे. रोग्याने पहिले चोवीस तास काढले तर तो बहुधा वाचतो.

हे विष किती जहाल? शिंपल्यांच्या एक किलो मांसात ०.८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त विष आढळले, तर तो माल खाण्यास अयोग्य ठरवण्याचा नियम जगातील अनेक देशांत आहे. मिठाचा एक बारीक खडासुद्धा याहून जड भरेल.

पेंड, गाय आणि दूध

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. माझी समजूत अशी होती की शिंपली म्हणजे विषाची पिशवी. शेवाळातून आले ते तसेच साठले. पण ही समजूत चुकीची निघाली. शिंपलीचे शरीर आलेल्या विषावर रासायनिक क्रिया करते. त्याचा एखादा तुकडा तोडते, एखादा जोडते आणि विषाचे रूप पालटते.

आपल्या गोठ्यातले उदाहरण घ्या. भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष तयार होते. गाय ती पेंड खाते. तिच्या यकृतात या विषाचे थोडे रूप बदलते आणि दुधात उतरते ते अफ्लाटॉक्सिन एम-१. पेंडीतले विष वेगळे, दुधातले वेगळे, पण मूळ एकच. दूध उकळले तरी ते जात नाही. शिंपल्यांमध्येही असाच प्रकार घडतो. फरक एवढाच की तेथे विषांचे कुटुंब फार मोठे आहे. एकट्या सॅक्सिटॉक्सिनच्या भाऊबंदांचीच पन्नासाहून अधिक रूपे शास्त्रज्ञांनी ओळखली आहेत. काही रूपे सौम्य, काही जहाल. कोणते रूप कशात बदलते यावर माणसाचे भवितव्य ठरते.

सौम्याचे जहाल

शेवाळात पुष्कळदा जी रूपे जास्त असतात त्यांना गंधकयुक्त घटकाचे एक शेपूट असते. हे शेपूट असेपर्यंत विष सौम्य राहते. ते तुटले की आतला जहाल भाग उघडा पडतो. यातले एक सौम्य रूप असे आहे की शेपूट गळताच त्याचे थेट सॅक्सिटॉक्सिन होते आणि जहालपणा सुमारे दहापट वाढतो. प्रयोगशाळेत तीव्र आम्लात उकळले की हे शेपूट तुटते. काही शिंपल्यांच्या शरीरातही असा बदल आढळला आहे.

१९८१ मध्ये शिमिझु आणि योशिओका या संशोधकांनी पंख्याच्या आकाराच्या स्कॅलप जातीच्या शिंपल्यांचे मांस वाटून त्यात गोनियोटॉक्सिन नावाची भाऊबंद विषे मिसळली. त्यांचे सॅक्सिटॉक्सिनमध्ये रूपांतर होत असल्याचे त्यांना दिसले. विष बदलण्याचे सामान शिंपलीच्या मांसातच असते, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

याचा अर्थ समजून घ्या. पाण्यातले शेवाळ तपासून "विष सौम्य आहे" असा निष्कर्ष काढला, तरी शिंपलीचे मांस तितकेच सौम्य असेल याची खात्री नाही. पाण्यात शेवाळ कमी होत असताना मांसातला जहालपणा वाढत असणेही शक्य आहे.

एकच किनारा, दोन शिंपल्या

सगळ्या शिंपल्या सारख्याच वागत असत्या तर काम सोपे होते. पण तसे नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एकाच वाळूत दोन जातींच्या शिंपल्या शेजारी शेजारी राहतात. एकीला तेथे लिटलनेक म्हणतात, दुसरीला बटर क्लॅम. दोघी एकाच पाण्यावर आणि एकाच शेवाळावर वाढतात.

लिटलनेकच्या शरीरात एक खास विकर आहे. विकर म्हणजे एन्झाइम, शरीरातली रासायनिक कामे घडवून आणणारे द्रव्य. हे विकर विषाच्या रेणूची एक बाजू छाटून टाकते. पण गंमत पाहा. सॅक्सिटॉक्सिनसारखे जहाल रूप छाटले तर जे उरते ते थोडे सौम्य होते. शेपटीचे सौम्य रूप छाटले तर शेपूटही जाते आणि जे उरते ते आधीपेक्षा जहाल निघते. कात्री एकच, पण आधी काय हाती आले यावर परिणाम उलटसुलट.

शेजारची बटर क्लॅम सॅक्सिटॉक्सिन पाणी ओढण्याच्या नळीत साठवून ठेवते, आणि ते दोन वर्षांपर्यंत टिकल्याचे आढळले आहे. सॅक्सिटॉक्सिन हे नावच या शिंपलीच्या 'सॅक्सिडोमस' या शास्त्रीय नावावरून पडले. याउलट बऱ्याच जातींचे शिनाणे स्वच्छ पाण्यात काही आठवड्यांत विष बाहेर टाकतात.

फवारणीच्या औषधांत आपण हेच पाहतो. मॅलॅथिऑन किडीच्या शरीरात गेले की त्याचे अधिक विषारी रूप बनते. माणसाच्या आणि गुरांच्या शरीरात बरेचसे मॅलॅथिऑन लवकर मोडले जाते. औषध तेच, शरीर बदलले की निकाल बदलतो. म्हणून "शेजाऱ्याने शिनाणे खाल्ले, त्याला काही झाले नाही, मग आपण तिसऱ्या खाऊ" हा हिशेब धोक्याचा आहे.

लपून बसलेले विष

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. १९७० नंतरच्या दशकात जपानमध्ये शिंपल्या खाऊन जुलाब, ओकारी आणि पोटदुखी झाल्याच्या अनेक घटना घडल्या. तपासाअंती शेवाळातून येणारी ओकाडाइक आम्लाच्या कुळातील विषे सापडली. हा आजार सहसा जीव घेत नाही, पण माणसाला लोळवतो.

शिंपलीचे शरीर या विषाला चरबीचा एक लांब तुकडा, म्हणजे स्निग्धाम्ल, जोडून टाकते. जणू विषाला तेलाचे आवरण चढते. साध्या तपासणीत हे जोडरूप हाती लागत नाही. मात्र माणसाच्या पोटात पचनक्रिया सुरू झाली की चरबीचा तुकडा सुटतो आणि मूळ विष मोकळे होते. म्हणून आता प्रयोगशाळेत नमुना आधी कॉस्टिक सोड्याबरोबर तापवतात. त्यामुळे लपलेले विष सुटे होते आणि मग सगळ्याचे एकत्र मोजमाप होते. २००२ मध्ये नॉर्वेत खेकडे खाऊन अनेक लोक आजारी पडले. त्या खेकड्यांतही हेच चरबी जोडलेले विष निघाले.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिंपलीची रसायनक्रिया दर वेळी घातकच ठरते असे नाही. पेक्टेनोटॉक्सिन नावाच्या विषाची कडी शिनाण्यांच्या शरीरातील विकर उघडते आणि ते बरेच निरुपद्रवी होते. शिंपली माणसाचे भले किंवा बुरे करायला बसलेली नाही. तिचे शरीर आलेल्या परक्या द्रव्यावर आपल्या पद्धतीने काम करते, इतकेच.

मग शिंपली स्वतः का मरत नाही?

हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. बऱ्याच शिंपल्यांचे मज्जातंतू या विषाला फारशी दाद देत नाहीत. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मऊ कवचाच्या शिंपलीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे विषारी शेवाळ वारंवार येते तेथील शिंपल्यांच्या त्या सोडियमच्या दारात एका जागी एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. तेवढ्याने विषाची पकड सुमारे हजारपट ढिली झाली. कापसावरील बोंडअळी औषधांना दाद देईनाशी कशी होते, हे आपण शेतात पाहिले आहे. तीच निसर्गाची निवड तेथे चालली आहे.

पण परिणाम असा की दाद न देणारी शिंपली निर्धास्तपणे विषारी शेवाळ खात राहते आणि तिच्यात विष अधिक साठते. वरून ती ताजी, टवटवीत, शिंपा घट्ट मिटलेली दिसते. जिवंत शिंपली म्हणजे चांगली शिंपली, ही आपल्या बाजारातली कसोटी नासक्या मालासाठी ठीक आहे. या विषासाठी ती कुचकामी आहे.

स्वयंपाकघरातील समजुती

आमच्या भगिनी विचारतील, "चांगले उकळले तर?" सॅक्सिटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. त्यातले काही शिजवण्याच्या पाण्यात उतरते, म्हणजे मांसातून सारात जाते. आपण तर सार आधी पितो. काही विषांच्या बाबतीत शिजवताना मांसातले पाणी निघून जाते आणि किलोमागे विषाचे प्रमाण उलट वाढलेले आढळले आहे.

"कोकम, चिंच घातली तर?" आंबटपणाने विष मरत नाही. आंबटाचा आणि सौम्य विषाच्या शेपटीचा संबंध वर पाहिलाच. "बर्फात ठेवले तर?" थंडीनेही विष जात नाही. "चांदीचे नाणे टाकून पाहिले तर?" नाणे काळे पडो वा न पडो, त्याचा या विषाशी काही संबंध नाही. चव आणि वास यांतूनही काही कळत नाही. रात्रभर बादलीत ठेवून वाळू सोडवण्याची आपली रीत चांगली आहे, पण तिने वाळू निघते, विष नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी

समुद्र आपल्यापासून लांब, असे म्हणून हे पान उलटू नका. सॅक्सिटॉक्सिन गोड्या पाण्यातील काही नील-हरित शेवाळेही तयार करतात. ऑस्ट्रेलियातील डार्लिंग नदीत १९९१ मध्ये सुमारे हजार किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात असे शेवाळ माजले आणि ते पाणी पिऊन पुष्कळ जनावरे मेली. ते शेवाळ याच कुळातील विषे तयार करणारे होते. पुढे तेथील संशोधकांनी दाखवून दिले की ते शेवाळ खाणाऱ्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांतही हे विष साठते. म्हणून उन्हाळ्यात तळ्यावर किंवा शेततळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग आला, तर ते पाणी जनावरांना पाजू नका. त्या पाण्यातल्या शिंपल्याही खाऊ नका.

समुद्रातले शेवाळ माजण्याची कारणे अनेक आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्यातील अन्नद्रव्ये निसर्गतःच वर येतात. सगळा दोष शेतीच्या माथी मारणे बरोबर नाही. पण खाडीत आणि तळ्यात वाहून जाणारे नत्र आणि स्फुरद शेवाळाला खत ठरतात, हेही खरे. पावसाच्या तोंडावर युरिया फोकू नये, बांध-बंदिस्ती नीट ठेवावी, खत हप्त्याहप्त्याने द्यावे, हे आम्ही सांगतो त्यात आपला पैसा वाचतो आणि पाण्याचेही भले होते.

आपण काय करावे?

१. पाण्याचा रंग अचानक बदलला, मासे मरून वर आले किंवा मत्स्यव्यवसाय खात्याची सूचना आली, तर त्या भागातील तिसऱ्या, कालवे, शिनाणे काढणे ताबडतोब थांबवा.

२. पाणी निवळले म्हणून लगेच सुरू करू नका. विष पाण्यातून गेले तरी मांसात आठवडे, काही जातींत महिनेही राहू शकते. तपासणी करून अधिकाऱ्यांनी सांगेपर्यंत थांबा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने समुद्रातील शेवाळाची माहिती देते. उपग्रहाला शेवाळ दिसते, मांसातले विष मात्र दिसत नाही. म्हणून मांसाची तपासणीच खरी.

३. सिंधुदुर्गात काही बचत गट कालवे आणि शिनाणे पाळतात. अशा गटांनी माल काढण्यापूर्वी मत्स्य अधिकाऱ्यांशी बोलून नमुन्याच्या तपासणीची सोय विचारून ठेवावी. एका विषबाधेने साऱ्या गावाचा बाजार बसतो.

४. शिंपल्या खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ वर फोन करा, रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा. उरलेले कालवण बरोबर न्या. त्याच ताटातले इतर जण बरे दिसत असले तरी त्यांनाही दाखवा.

मावशींचे उत्तर

तिसऱ्यांची धास्ती घ्या, असे मला सांगायचे नाही. गरिबाघरी प्रथिने आणि लोह पुरवणारे ते उत्तम अन्न आहे, आणि अनेक घरांची चूल त्यावर चालते. एरवी निर्धास्त खा. पण शंकेच्या दिवसांत संयम ठेवा.

पुढच्या दौऱ्यात मी त्या गावी मुद्दाम गेलो. म्हणालो, "मावशी, त्या दिवशीचं उत्तर आणलंय. वांग्यावरचं औषध दिवसागणिक कमी होतं, म्हणून आम्ही दिवस मोजून सांगू शकतो. तिसरीच्या पोटातलं विष मात्र तिथं बदलत राहतं, कधी वाढतंही. त्याचे दिवस घरी बसून मोजता येत नाहीत."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी लेकीला डाळ-भात आणि सुकटीची चटणी वाढली. रुसली होती जरा." आणि हसून पुढे म्हणाल्या, "रुसायला आहे, हे काय कमी झालं?"